मीठ सोडा

तेवीस वर्षं मी या तळ्याची साल काढली.
ड्रेजरवर उभा, पायांत गमबूट,
खाली गुलाबी चिखल, वर पांढरा पापुद्रा,
आणि दुपारी असं ऊन
की सावलीसुद्धा बुटांखाली शिरून बसायची.
डब्यांमागून डबे भरून सोडा गेला मोंबासाला,
तिथून काचवाल्यांना, साबणवाल्यांना.
मगादीच्या सोड्याची काच कुठल्या खिडकीला लागली,
तिच्यातून कोण कोणाची वाट बघतं,
मला कुणी कळवलं नाही.

आता डॉक्टर अचोला म्हणते, सेंपेयो, मीठ सोडा.
आणि त्याच कागदावर, खालच्याच ओळीत लिहिते: सोडा.
दोन दोन गोळ्या, तीनदा, जेवणानंतर.

मी हसलो. ती हसली नाही.
रक्त आंबट झालंय तुमचं, म्हणाली,
मूत्रपिंडं थकली, आंबट बाहेर टाकीनात,
मग हाडं स्वतःला खरवडून
ते आंबट विझवत बसतात.
आंबट! भोपळ्यात विसरलेल्या दुधासारखा
मी आतून फाटत होतो,
आणि मला वाटत होतं, वय झालं.

मी म्हटलं, बाई,
शाळा माझी चौथीपर्यंत, पण पोत्यांवरची अक्षरं मी वाचलीत.
मिठात सोडियम. या गोळीतही सोडियम.
एकाला दार बंद, दुसऱ्याला पाट मांडता?

ती पेनाचं टोपण चावत बसली थोडा वेळ.
मग दाराकडे बघून म्हणाली, तो नातू ना तुमचा?
दारात कोइनेत खडे झेलत होता.
टवाळ पोरांत असला की शाळा बुडवत असेल,
तुमच्याबरोबर असला की शेळ्या मोजून आणत असेल.
पोरगा तोच. सोबत कोणाची, ते बघायचं.
क्लोराइडचा हात धरून आलं की सोडियम
पाणी अडवतं, दाब चढवतं,
दुखऱ्या मूत्रपिंडात तर जास्तच.
सोड्याबरोबर आलं तर बहुतेक निमूट असतं.

बहुतेक?

बहुतेक. पाय सुजले तर त्याच दिवशी या.

रेसियातोच्या लग्नात मी मीठ खाल्लं.
भाजलेल्या बकऱ्याचा तुकडा, ताटलीतल्या मिठात बुडवून,
एकदाच.
नाही, तीनदा.
दुसऱ्या संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबला
तर खळगा पडला, आणि तसाच राहिला,
ओल्या काठावर उमटलेल्या खुरासारखा.
ज्याचं मीठ खावं त्याला जागावं म्हणतात.
मी जागलो.
रात्रभर, भिंतीला टेकून, बसून,
आडवं झालं की छातीत पाणी चढायचं म्हणून.
नाइसिआए काही बोलली नाही.
सकाळी मिठाचा डबा शेजारणीकडे ठेवून आली.

मार्चमध्ये दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या.
मी तळ्यावर गेलो.
एवढा सोडा! क्षितिजापर्यंत सोडा,
आणि मी औषधाच्या खोक्याची वाट बघतोय.
काठाची एक खपली उचलली, तळव्यावर तोलली.
अचोलानं बजावलं होतं, तळ्यातला नको,
त्यात मीठ आहे, आणि ज्यानं तुमचे दात तपकिरी झाले तेही आहे.
जिभेपर्यंत नेली. वास ओळखीचा, जुन्या पगाराचा.

ऊन झऱ्यापाशी नखाएवढे मासे फिरत होते.
माशांचा अभ्यास करणारा एक पाहुणा म्हणाला होता,
या खाऱ्या, कढत पाण्यात दुसरा मासा मरेल,
यांनी आपलं मूत बदललं म्हणून हे जगले.
किती दिवसांत बदललं, मी विचारलं होतं.
त्यानं नुसते हात पसरले, तळ्याएवढे.

माझ्याकडे तेवढा वेळ नाही.
माझ्याकडे बुधवार आहे.
बुधवारी काजियाडोहून गाडी येते.

खपली खिशात टाकली.
चिमूटभर घातली की घेवडा लोण्यासारखा शिजतो,
घरात सगळ्यांना तसाच आवडतो.
माझी वाटी आधी काढून ठेव, सांगेन नाइसिआएला,
कडक राहिला तरी चालेल.